तळमजला अधिक दोन: गिरगावातल्या एका दुरुस्त घराची विक्री

नानांच्या घराची जाहिरात माझ्याकडे वाचायला आली, तेव्हा मी तिच्यातला एकच शब्द काढायला सांगितला: हेरिटेज. दलाल नाराज झाला. त्याच्या मते फोटोतला लाकडी सज्जा, कोरीव कंस आणि मंगलोरी कौलं पाहून दुसरा शब्द कुणाला सुचणारच नाही. पण मुंबईत हा शब्द नुसता कौतुकाचा नाही. १९९५ साली वारसा जतनाचे नियम लागू झाले, इमारतींची यादी झाली, पहिली, दुसरी अ, दुसरी ब आणि तिसरी अशा श्रेण्या ठरल्या. यादीतल्या वास्तूला लागू होणारी बंधनं आणि सवलती दोन्ही कायद्याने ठरतात. नानांचं घर शंभरीला टेकलेलं आहे, पण यादीत नाही. घेणाऱ्याच्या वकिलाने यादी चाळली असती तर पहिल्याच दिवशी आमचा शब्द पडला असता. जाहिरातीत शेवटी 'जुनं, लाकडी सांगाड्याचं, २०१७ साली पूर्ण दुरुस्त केलेलं घर' एवढंच छापलं.

मी बांधकाम अभियंता. जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांची दुरुस्ती हेच माझं काम. नानांच्या घराची दुरुस्ती मी केली, आणि सात वर्षांनी तेच घर विकताना जे जे घडलं त्यातही शेवटपर्यंत होतो. कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून गल्लीचं नाव गाळलंय आणि रकमा गोल केल्यात.

घर असं: गिरगावातली अरुंद गल्ली, १८६ चौरस मीटरचा भूखंड, त्यावर तळमजला अधिक दोन, वर कौलारू छप्पर. एका मजल्याचं बांधकाम साधारण दीड हजार चौरस फूट. नानांच्या आजोबांनी १९३८ साली हे घर विकत घेतलं, तेव्हाच त्यात भाडेकरू होते. विक्रीचा विषय निघाला तेव्हा राहिलेले तीन. तळमजल्यावर पुढच्या बाजूला बाइंडिंगचं दुकान, मागे दोन खोल्यांत एक काकू, दुसऱ्या मजल्याच्या अर्ध्या भागात एक निवृत्त बँक कर्मचारी. पहिला मजला नानांचा, दुसऱ्या मजल्याचा उरलेला अर्धा भागही त्यांचाच. भाडी महिन्याला शंभराच्या आतली. १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली होती. त्याच्या जागी आलेला १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. पण मूळ आकडाच पंचवीस-तीस रुपये असेल तर ४ टक्क्यांनी काय होणार? अशा भाड्यात मालकाने घर सांभाळायचं कुठून, हा प्रश्न दक्षिण मुंबईतल्या हजारो घरांना पडलेला आहे. बहुतेकांचं उत्तर भिंतींवर उगवलेल्या पिंपळातून दिसतं.

नानांनी तसं होऊ दिलं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे तो याचसाठी.

दुरुस्ती

२०१६च्या पावसात दुसऱ्या मजल्यावरचा संडासाशेजारचा कोपरा दीड इंच खचला. इमारत १९४० पूर्वीची, म्हणजे उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या जुन्या) इमारतींच्या 'अ' वर्गातली. कराच्या बिलातून दुरुस्ती उपकर वर्षानुवर्षं भरलेला. तो घेणाऱ्या सरकारी दुरुस्ती मंडळाकडून काम करून घ्यायचं म्हटलं तर खर्चाची मर्यादा आणि रांग दोन्ही आड येतात. नानांनी मंडळाचं ना हरकत प्रमाणपत्र घेतलं आणि स्वतःच्या पैशाने काम करायचं ठरवलं. भविष्य निर्वाह निधीतले ४१ लाख त्यांनी घातले, ठाण्याच्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीने, १७ लाख. एकूण ५८.

अशा घराचा भार भिंती घेत नाहीत. भार घेतो सागवानी सांगाडा: खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. विटांची भिंत खांबांच्या मधली जागा भरते. भिंत चुन्यात असेल तर ती ओल घेते आणि सोडते, आणि तिच्यात बसलेलं तुळईचं टोक कोरडं राहतं. ऐंशीच्या दशकात कुणीतरी सल्ला दिला आणि बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला. वरून घर मजबूत दिसायला लागलं. आत शिरलेल्या पाण्याला मात्र बाहेर पडायची वाट राहिली नाही. तीस वर्षांत संडासाकडच्या चार तुळयांची टोकं हाताने चुरता येतील इतकी कुजली. मुंबईत मी उघडलेल्या दहा घरांपैकी आठांत दुखणं याच जागी असतं. पाण्याचा नळ, मोरी, संडास आणि त्यांच्या मागची सिमेंटची भिंत.

दुसरं दुखणं वजनाचं. प्रत्येक पिढीने जुन्या फरशीवर नवी फरशी घातली होती. एका खोलीत मी खणून पाहिलं तर लाकडी फळ्यांवर कोबा, त्यावर शहाबादी, त्यावर पुन्हा कोबा आणि मोझॅक. तीन इंच कोबा म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर वजन. कड्या खाली झुकल्या होत्या आणि लोक म्हणत होते, लाकूड म्हातारं झालं. लाकूड म्हातारं झालं नव्हतं. त्याच्या अंगावर भलतंच ओझं होतं.

काम तेरा महिने चाललं. एका वेळी एकच कोपरा उघडायचा, खाली तळमजल्यापर्यंत टेकू लावायचे, तुळईचं कुजलेलं टोक कापायचं आणि जुन्याच सागवानाचा तुकडा दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या आणि बोल्ट घालून जोडायचा. नवं लाकूड मी वापरत नाही. ते अजून आकसायचं असतं. पाडलेल्या इमारतींमधून निघालेला साग आम्ही रे रोडकडच्या लाकूडबाजारातून निवडून आणला. एकेक नग ठोकून, वजन घेऊन. बाहेरचा सिमेंट गिलावा पूर्ण उतरवला आणि चुन्याचा केला. चुना महिनाभर आधी भिजत घातला होता. गवंडी तिघंच, कारण चुन्यात हात बसलेला माणूस आता सहज मिळत नाही. जिन्याला सतरा पायऱ्या होत्या, त्यातल्या सहाच बदलल्या. उरलेल्या अकरांना मधोमध पावलांचा खोलगटपणा आहे, तो तसाच ठेवला.

त्या तेरा महिन्यांत काकू कधी पुढच्या खोलीत राहिल्या, कधी मागच्या. तक्रार एकदाही केली नाही. तिन्ही भाडेकरूंनी मिळून दोन लाख रुपये वर्गणी काढली होती. नानांनी ती परत केली आणि म्हणाले, "पाण्याच्या नव्या टाकीचं तेवढं तुम्ही बघा." टाकी भाडेकरूंनी बसवली.

एक चूक माझी. कामाच्या पहिल्या दिवशी मी भिंती पाहिल्या, पाया पाहिला, कागद मागितले नाहीत. नानांच्या हातात कराचं बिल होतं, त्यावर त्यांच्या वडिलांचं नाव होतं, मला तेवढं पुरलं. आज कुणी जुनं घर दुरुस्त करायला बोलावलं तर मी आधी मालमत्ता पत्रक, म्हणजे जमिनीच्या धारकाची नोंद असलेला सरकारी उतारा, मागतो आणि मग टेकू लावतो.

कागदावरचं नाव

२०२३च्या दिवाळीत नानांनी विकायचं ठरवलं. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, लिफ्ट नाही आणि बसवायला जागाही नाही. मुलगा परगावी स्थायिक. पहिलं गिऱ्हाईक तीन आठवड्यांत आलं. नानांच्या वकीलबाईंनी मालमत्ता पत्रक मागवलं, आणि धारकाच्या रकान्यात नानांच्या आजोबांचं नाव निघालं. १९३८ नंतर त्या कागदाला कुणी हात लावला नव्हता.

कराच्या बिलावरचं नाव म्हणजे मालकी, असा समज घराघरांत आहे. महापालिका कर कुणाकडून वसूल करायचा एवढंच बिलावर लिहिते. मालकी ठरते ती खरेदीखतावरून आणि वारसाहक्कावरून.

वकीलबाईंनी विचारलं, "आजोबा कधी वारले, आणि त्यांना मुलं किती?"

"१९६१ साली. माझे वडील एकटेच," नाना म्हणाले. मग थांबले. "आणि एक आत्या."

खोलीत बसलेल्या ताई काहीच बोलल्या नाहीत. वकीलबाईंनी हिशोब एका पाकिटाच्या मागे मांडला. घर आजोबांच्या स्वकष्टाचं, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आलेला, म्हणजे १९६१ साली पत्नी, मुलगा आणि मुलगी तिघांना सारखा वाटा: प्रत्येकी एक तृतीयांश. आजी १९७४ साली गेली, तिचाही वाटा मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा. म्हणजे वडील अर्धे, आत्या अर्धी. वडील आणि आई गेल्यावर वडिलांचा अर्धा भाग नाना आणि ताईंचा. आत्या १९९६ साली गेली, तिचे यजमान तिच्या आधीच. तिचा अर्धा भाग तिच्या तीन मुलांचा.

मुलींना वाटा २००५ नंतर मिळाला असं लोक म्हणतात. २००५ची दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल होती. बापाच्या स्वतःच्या कमाईत मुलीचा वाटा १९५६ पासून आहे. मुंबईत जुन्या घरांचे किती व्यवहार या एका गैरसमजावर उभे आहेत, याचा विचार केला की मला अस्वस्थ होतं.

जे घर नाना पन्नास वर्षं 'आपलं' म्हणत होते, ज्यात त्यांनी ४१ लाख घातले, त्यात त्यांचा वाटा चौथा होता.

नाना म्हणाले, "आत्याला लग्नात सगळं दिलं होतं. तिने कधी मागितलंही नाही."

"लग्नात दिलेलं वाट्यात धरत नाहीत, नाना. आणि मागितलं नाही म्हणून हक्क जात नाही. तुम्ही इथे राहिलात ते कायद्याच्या नजरेत सगळ्यांच्या वतीने राहिलात."

ते गिऱ्हाईक गेलं. त्याने काही चुकीचं केलं असं मला वाटत नाही. पण त्यानंतरच्या आठवड्यात नानांना तीन जणांनी सल्ला दिला: वंशावळीत आत्याचं नाव लिहू नका, वारस दोघंच आहोत असं प्रतिज्ञापत्र करा, साठ वर्षांत कुणी आलं नाही, आता कोण येतं. हा सल्ला गल्लीत सहज मिळतो. असं करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस नाशिकला कुणीतरी वाचतं, हरकत येते, आणि घर पंधरा वर्षं दिवाणी न्यायालयात पडून राहतं. छपराची एक पन्हळ साफ करायलाही मग कुणी पैसे काढत नाही.

विषय ताईंनी संपवला. त्या म्हणाल्या, "दादा, माझा चौथा हिस्सा मला कशाने मिळतो? मी बाबांची मुलगी म्हणून. मग आत्या आजोबांची कोण होती?" नानांनी त्याच संध्याकाळी नाशिकला फोन लावला.

पाच जणांची बैठक

आत्याची तिन्ही मुलं मार्च २०२४ मध्ये आली. नाशिकची अक्का सर्वांत थोरली, निवृत्त शिक्षिका. एक भाऊ बेळगावचा, एक पुण्याचा. बैठक पहिल्या मजल्यावर, जुन्या झोपाळ्याच्या खोलीत. मला दुरुस्तीचा खर्च समजावून सांगायला बोलावलं होतं.

अक्कांनी आधी घर पाहायला मागितलं. जिन्यावर त्या थांबल्या. त्यांची आई लहानपणी याच जिन्यावरून पडली होती आणि डावा हात तिला पुढे कधीच पुरता वर करता आला नाही. वरून पाचवी पायरी, असं आईने त्यांना सांगितलं होतं. मी मोजलं. पाचवी पायरी जुन्या अकरांपैकी होती. अक्का तिच्यावर थोडा वेळ बसल्या आणि मग वर आल्या. त्यानंतर बोलणं ज्या सुरात झालं त्याचं श्रेय मी त्या दहा मिनिटांना देतो.

बेळगावच्या भावाचं म्हणणं सरळ होतं: किंमत येईल तिचे वरूनच दोन भाग. पुण्याचा म्हणाला, दुरुस्ती झाली नसती तर विकायला भूखंड आणि ढिगारा राहिला असता, तेव्हा दुरुस्तीचे पैसे आधी काढा. मग प्रश्न आला साठ वर्षांच्या कराचा आणि उपकराचा. तो नानांच्या घराने भरला. त्यावर बेळगावच्या भावाने विचारलं, "आणि साठ वर्षं राहिलात त्याचं भाडं?" हा प्रश्न रास्त होता. नानांना तो लागला, तरी रास्त होता. तासाभराच्या बोलण्यानंतर ठरलं की राहण्याचा उपभोग आणि भरलेला कर एकमेकांत भागले असं धरायचं. दुरुस्तीचे ५८ लाख ज्याचे त्याला व्याजाशिवाय आधी द्यायचे, उरलेल्याचे दोन भाग.

तिघांनी नानांच्या नावे हक्कसोडपत्र करायचं आणि मग नानांनी विकायचं, असा एक पर्याय होता. मोबदला घेऊन सोडलेल्या हक्कावर मुद्रांक शुल्क लागतं, आणि मग विक्रीवर पुन्हा. वकीलबाईंनी पाचही जणांना खरेदीखतात विक्रेते म्हणून उभं करायचं सुचवलं. शुल्क एकदाच, तेही घेणाऱ्याचं, आणि पुढे कुणाच्या मनात शंका नको. त्याआधी मालमत्ता पत्रकावर वारसनोंद. तिला चार महिने लागले.

घराला किंमत कोण देतो

दरम्यान एक विकासक आला. देऊ केले पावणेसात कोटी. त्याने घर आतून पाहिलंसुद्धा नाही. नानांना ते लागलं, मला त्याचं नवल वाटलं नाही. त्याच्या लेखी दुरुस्तीची किंमत शून्य होती, कारण तो जमीन घेत होता.

इथे थोडं गणित करायला हवं, कारण जुनं घर विकणारे नव्वद टक्के लोक ते न करताच विकासकाचा आकडा प्रमाण मानतात. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाला विकास नियंत्रण नियमावलीच्या विनियम ३३(७) खाली ३ चटई क्षेत्र निर्देशांक मिळतो, म्हणजे भूखंडाच्या तिप्पट बांधकाम करता येतं. त्यासाठी ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, आणि प्रत्येक निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट द्यावे लागतात. १८६ चौरस मीटरला ३ म्हणजे ५५८ चौरस मीटर. आणि उभं घर किती? तीन मजले मिळून साडेचार हजार चौरस फूट, म्हणजे ४१८ चौरस मीटर. या घराने सव्वादोनचा निर्देशांक आधीच वापरलेला आहे. पाडून हाती यायचे वरचे १४० चौरस मीटर, आणि अधिमूल्य भरून मिळणारं फंजिबल, म्हणजे वरचं जादा चटई क्षेत्र. त्यातून जिना, लिफ्ट, भोवतीची मोकळी जागा आणि अग्निशमनाच्या अटी या अरुंद गल्लीत बसवायच्या, आणि भाडेकरूंना बांधकाम होईपर्यंत बाहेर भाड्याने ठेवायचं. एकट्या भूखंडावर हे फारसं परवडत नाही. म्हणून विकासकाला शेजारचे दोन भूखंडही हवे होते, आणि त्याचे पावणेसात कोटी ते मिळाले तरच होते. करारात तशी अट होती.

मी नानांना एवढंच सांगितलं: हे घर राहायला घेणाऱ्याला विकलं तर जास्त येईल. अट एकच, राहायला घेणाऱ्याला भीती वाटेल असं काही शिल्लक राहता कामा नये.

भीतीची पहिली जागा भाडेकरू. काकूंच्या भाडेपावतीवर अजून त्यांच्या सासऱ्यांचं नाव होतं. सासरे १९७८ साली गेले, यजमान २००३ साली. दलालाचा सल्ला होता, पावती तशीच राहू द्या, नव्या मालकाला पुढे काकूंना काढायला सोपं जाईल. कायद्याने काकू भाडेकरूच होत्या. भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाकडे भाडेहक्क जातो. कागद नसल्याने त्यांना फक्त कोर्टात झगडावं लागलं असतं, सत्तरीत. नानांनी पुढच्या महिन्याची पावती काकूंच्या नावाने फाडली आणि सोबत एक पत्र दिलं. गंमत अशी की घेणाऱ्यांना हेच आवडलं. कुणाचा हक्क काय आहे ते स्वच्छ दिसलं, की त्याची किंमत करता येते. गोंधळाची करता येत नाही.

दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गृहस्थ आठ वर्षं बोरिवलीला मुलाकडे राहत होते, खोल्यांना कुलूप. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर मालकाला दावा लावता येतो. तोही सल्ला नानांना मिळाला होता. लघुवाद न्यायालयात असा दावा किती वर्षं चालतो ते गिरगावात कुणालाही विचारावं. त्याऐवजी त्यांना बोलावून सांगितलं की घर विकतोय. १९९९च्या कायद्याने भाडेहक्क सोडताना मोबदला घेणं वैध केलं आहे. ज्याला आपण पागडी म्हणतो ती आता कागदावर आणि धनादेशाने देता येते. घेणाऱ्यांनी त्यांना थेट रक्कम दिली आणि त्यांनी वेगळ्या नोंदणीकृत दस्ताने जागा सोडली. बाइंडर आणि काकू राहिले.

भीतीची दुसरी जागा बांधकामाची वैधता. इतक्या जुन्या घराचा मंजूर नकाशा मिळत नाही. अशा वेळी महापालिकेच्या करनिर्धारण खात्याचा उतारा कामी येतो. निवासी बांधकाम १७ एप्रिल १९६४ पूर्वीचं आणि व्यापारी १ एप्रिल १९६२ पूर्वीचं असल्याचं त्यातून दिसलं तर ते खपवून घेतलेलं मानलं जातं. आमच्या उताऱ्यात मागची गॅलरी उघडी होती. ती १९९२ साली नानांच्या वडिलांनी पत्रे आणि काचा लावून बंद केली होती. नव्वद चौरस फूट. नियमित करून घेण्याच्या मागे लागू नका, उघडून टाका, असं मी सांगितलं. दोन दिवसांत ती उघडली. मागच्या खोल्यांत वाऱ्याची वाट पुन्हा सुरू झाली. १९२०च्या दशकात ती गॅलरी बांधणाऱ्याने तिथे का ठेवली होती हे तेव्हा कळलं.

तिसरी जागा माझी. मीच दुरुस्ती केल्यामुळे माझा दाखला घेणाऱ्यांना चालणार नव्हता, आणि तसंच असायला हवं. त्यांच्या अभियंत्याने प्रत्येक तुळईच्या टोकाला टोच्या घालून पाहिलं. बाइंडरच्या दुकानातल्या पोटमाळ्यावर एक तुळई त्याला हातभर पोकळ लागली. २०१७ साली तिथे कागदाच्या गठ्ठ्यांच्या मांडण्या होत्या. मी त्या हलवायला लावल्या नाहीत आणि दिसतं तेवढं तपासून पुढे गेलो. वाळवीने सात वर्षांत काम केलं होतं. ती तुळई मी माझ्या खर्चाने बदलली. तीस वर्षांच्या पुढच्या इमारतीला संरचनात्मक तपासणी कायद्याने लागतेच. ती करणारा माणूस दुरुस्ती करणाऱ्यापेक्षा वेगळा असावा, हे मी आता प्रत्येक मालकाला लिहून देतो.

व्यवहार

घेणारी दोन कुटुंबं होती. दोन मैत्रिणी, एकाच रुग्णालयात काम करणाऱ्या, आणि त्यांच्या घरची माणसं. दादर आणि माहीमचे फ्लॅट विकून आलेली. एका बँकेने कर्ज नाकारलं: भाडेकरू असलेली इमारत, लाकडी सांगाडा, वय शंभर. म्हणून जवळजवळ सगळी रक्कम स्वतःची. किंमत ठरली ८ कोटी ४० लाख. खरेदीखत डिसेंबर २०२४ मध्ये नोंदवलं. मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ५० लाख ४० हजार, आणि नोंदणी फी ३० हजार. घेणाऱ्यांनी १ टक्का कर कापून भरला.

दुरुस्तीचे ५८ लाख वजा जाता ७ कोटी ८२ लाख. आत्याच्या मुलांना प्रत्येकी १ कोटी ३० लाखांच्या थोडं वर, नाना आणि ताईंना प्रत्येकी १ कोटी साडेपंच्याण्णव लाख. दुरुस्तीचे धरून नानांच्या हाती साधारण २ कोटी साडेछत्तीस लाख आले. दिवाळीत त्यांच्या मनात याच्या दुप्पट आकडा होता.

भांडवली नफ्याचा कर भरताना आणखी एक गोष्ट निघाली. २३ जुलै २०२४ पूर्वी मिळालेल्या मालमत्तेवर रहिवासी व्यक्तीला साडेबारा टक्के किंवा महागाईचा निर्देशांक लावून २० टक्के, यांतला कमी कर भरता येतो. खरेदी किंमत म्हणून १ एप्रिल २००१ चं बाजारमूल्य धरता येतं, आणि नंतरचा सुधारणेचा खर्च त्यात मिळवता येतो. ५८ लाखांपैकी पावत्या निघाल्या ३६ लाखांच्या. सुतार, गवंडी, जुनं सागवान: सगळं रोखीने दिलेलं, हिशोब नानांच्या वहीत, पण सही कुणाचीच नाही. भावंडांनी वहीवर विश्वास ठेवला. कर सल्लागाराला तो ठेवता आला नाही.

नाना आता ठाण्यात ताईंच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर राहतात. लिफ्ट आहे. गिरगावात तेवढ्या पैशात एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं असतं, तेही पुन्हा जिना चढून.

घर सोडायच्या दिवशी त्यांनी नव्या मालकिणींना किल्ल्यांबरोबर भाडेपावत्यांचं पुस्तक दिलं आणि कोणती पन्हळ कधी तुंबते ते तासभर समजावलं. या जूनच्या पहिल्या आठवड्यात मी पन्हळी बघायला गेलो होतो. एकीत शेजारच्या वडाची पानं होती, ती काढली. संडासाकडच्या कोपऱ्यात पातळी लावून पाहिली. सात-आठ वर्षांत सूतभरही फरक नाही. खाली काकूंनी चहा ठेवला होता आणि जूनची पावती दाखवायला बाहेर काढली होती, त्यांच्या स्वतःच्या नावाची.